दोन किलोचा सीओटू सिलेंडर सतरा दिवसांत रिकामा, गॅस जातोय कुठे?

लोकमान्यनगर इंदूर
१२ मे, रात्री ९.५०

नमस्कार. इथे वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, कारण आज सकाळी पुन्हा सिलेंडर संपला आणि आता मला काही सुचेनासं झालंय.

टँक मुलाचा, माशांचा आणि पाणवनस्पतींचा. झाडांसाठी त्यात सिलेंडरमधून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडावा लागतो. नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा म्हणाला, आई, विकून टाकू, तुझ्याच्यानं होणार नाही. मी म्हटलं राहू दे, मी बघते. त्याला अडीच वर्षं झाली. आता तो घरी आला की मला विचारतो, हे पान का पिवळं पडलं म्हणून.

तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. माती, दगड, लाकूड वजा जाता साधारण दीडशे लिटर पाणी. झाडं म्हणजे रोटाला, क्रिप्टोकोरिन, लाकडाला बांधलेला जावा फर्न, थोडा अनुबियास आणि पुढे मॉन्टे कार्लोची हिरवळ. मासे म्हणजे सहा डेनिसन बार्ब, पंधराएक रमीनोज आणि तळाशी कोरी. बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर. दिवे दुपारी ३ ते रात्री १०.

नोव्हेंबरात भरलेला दोन किलोचा सिलेंडर १५ मार्चपर्यंत, म्हणजे चार महिने पुरला. त्यानंतरचा २२ दिवस. त्याच्या पुढचा १९. आणि हा १७. दर वेळी सांवेर रोडला जायचं, आमचे हे स्कूटर चालवणार आणि मी मागे सिलेंडर मांडीवर धरून बसणार. मागच्या खेपेला मी गॅस भरणाऱ्याला बोलले, की भाऊ, पूर्ण भरत नाही का तुम्ही? त्याला ते लागलं. म्हणाला, ‘मैडम, तौल के ले जाओ.’ मी रागात होते, तशीच निघून आले.

सिलेंडरचा दाब दाखवणाऱ्या मोठ्या गेजचा काटा आहे तिथेच असतो आणि शेवटच्या दिवशी एकदम खाली येतो. बबल काउंटरमध्ये बुडबुडे इतक्या जोरात जातात की मोजता येत नाहीत.

मार्चमध्ये मी पीएच कंट्रोलर घेतला, म्हणजे सीओटू विरघळून पाण्याचा पीएच खाली आला की तो आपोआप सोलेनॉइड (गॅसची विजेवरची झडप) बंद करेल आणि गॅस वाचेल. हिवाळ्यात संध्याकाळी पीएच ६.८ असायचा आणि ड्रॉप चेकर (सीओटू कमी असला तर निळा, बेताचा तर पोपटी, जास्त तर पिवळा होणारी टँकमधली कुपी) छान पोपटी, म्हणून तोच आकडा त्यात घातला. पण पीएच ६.९ च्या खाली जायलाच तयार नाही. कंट्रोलर बंद होतच नाही. ड्रॉप चेकरही निळसर हिरवा दिसतो, म्हणून मी नीडल व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह कमी-जास्त करायची बारीक झडप) अजून अर्धा फेरा उघडला.

आणि खरी काळजी माशांची आहे. सकाळी खोलीत आले की डेनिसन पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करत असतात. दोन रमीनोज गेले. गॅस एवढा जातोय, तरी मोजमाप म्हणतं कमी पडतोय, आणि मासे म्हणतात जास्त होतोय. खरं कोण बोलतंय?


नाशिकचं काचतळं
१२ मे, रात्री ११.१५

काकू, डिफ्यूझरपर्यंतची (टँकमध्ये गॅसचे बारीक बुडबुडे करतो त्याच्यापर्यंतची) नळी कोणती आहे? पांढरी मऊ सिलिकॉनची असेल तर आधी ती बदला. सिलिकॉनमधून सीओटू आरपार झिरपतो, नळीला भोक असायची गरजच नाही. पॉलियुरेथेनची कडक नळी मिळते, पीयू पाइप मागा, न्यूमॅटिकच्या दुकानात मीटरवर देतात. एक खूण सांगतो. रात्री गॅस बंद केल्यावर सकाळी टँकचं पाणी नळीत वर चढलेलं दिसतं का? नळीतला गॅस बाहेर झिरपला, पाण्यात विरघळला, की मागे पोकळी होते आणि पाणी ओढलं जातं.

दुसरं, फिल्टरचा स्प्रे बार (पाणी टँकमध्ये सोडणारी भोकांची नळी) वर तोंड करून लावलाय का? पाण्याचा पृष्ठभाग जितका खळखळेल तितका सीओटू उडून जातो. बार खाली वळवून बघा, माझा वापर त्यानं बराच कमी झाला होता.


बडोदेकर
१३ मे, सकाळी ७.०५

ताई, तुमचा प्रश्न सकाळी चहाबरोबर वाचला आणि चहा गार झाला. मी आयुष्य प्रयोगशाळेत काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, रागावू नका.

पहिलं, तो मोठा काटा. सिलेंडरमधला सीओटू बराचसा द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, २० अंशांना साधारण ५७ बार, ३० अंशांना ७२ च्या आसपास. सिलेंडर भरलेला असो की पाव उरलेला, काटा तेच सांगणार. द्रवाचा शेवटचा थेंब संपला की मग तो कोसळतो. त्यातून तुमच्याकडे मे महिना. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, तेव्हा दुपारी काटा आणखी वेगळं नाचतो. गॅस किती उरला हे त्या काट्याला विचारूच नये. त्या सांवेर रोडवाल्यानं तुम्हाला अगदी बरोबर सांगितलं होतं. वजन करा.

घरात फराळाचा, केकचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असेलच, १० किलोपर्यंत जाणारा आणि १ ग्रॅम दाखवणारा. रिकामा सिलेंडर आत्ताच त्यावर उभा करा आणि आकडा लिहून ठेवा. सिलेंडरच्या खांद्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. त्याच ठिकाणी शेवटच्या दाबतपासणीची तारीखही असते, तीही बघा, पाच वर्षं उलटली असतील तर आधी तपासणी. भरून आणल्यावर पुन्हा वजन.

मग रेग्युलेटर लावा. नीडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद, सोलेनॉइडचा प्लग काढलेला, आणि सिलेंडरची मुख्य चावी उघडी. म्हणजे गॅसला जायला वाटच नाही. रात्री वजन, सकाळी वजन. एक ग्रॅमही कमी व्हायला नको. झालं तर गळती सिलेंडर आणि रेग्युलेटरच्या मधेच आहे, नळी बदलून काही उपयोग नाही. सिलिकॉनच्या नळीबद्दल नाशिककर म्हणतात ते खरं आहे, तीही बदला, पण रोजचे शंभरावर ग्रॅम नळीतून झिरपणार नाहीत.

शंभरावर कसे, तर दोन किलो भागिले सतरा दिवस, ११८ ग्रॅम रोज. आता हे बघा. तुमच्या दीडशे लिटर पाण्यात ३० पीपीएम सीओटू ठेवायचा, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम, तर सगळ्या पाण्यात मिळून तो साडेचार ग्रॅम होतो. साडेचार! पृष्ठभागावरून सतत उडतो म्हणून त्याच्या तिप्पट-चौपट रोज लागेल हे मी मान्य करतो. ११८ मात्र कोणत्याही हिशोबात बसत नाहीत.

तिसरं मोजमाप. बुडबुडे मोजू नका, प्रत्येक काउंटरचा बुडबुडा वेगळ्या आकाराचा. डिफ्यूझरची नळी काढून तिचं तोंड बादलीत धरा, त्यावर पाण्यानं भरलेला १०० मिलिलिटरचा मोजपात्राचा नळा उपडा ठेवा आणि घड्याळ लावा. डिफ्यूझरचा अडथळा नसल्यानं थोडा फरक पडेल, चालेल. सामान्य तापमानाला १ किलो सीओटूचे साधारण ५५५ लिटर होतात, पुढचा हिशोब आपण इथे मिळून करू.

आणि दोन प्रश्नांची उत्तरं नक्की द्या. तुमच्या पाण्याचा केएच, म्हणजे त्यातल्या कार्बोनेट क्षारांचं प्रमाण, आत्ता किती आहे? आणि ड्रॉप चेकरमध्ये आत काय भरलंय?

स्प्रे बार मात्र खाली वळवू नका. इंदूरचा मे आहे, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.


सावंतवाडी
१३ मे, दुपारी १.३०

डेनिसनचं ऐकून लिहावंसं वाटलं. हे मासे आपल्या सह्याद्रीचे, केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या, थंड, खळाळत्या ओढ्यांतले. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांना स्वतंत्र वंश दिला त्याचं नावच ‘सह्याद्रिया’ आहे. हवेसाठी ते इतर माशांच्या आधी वर येतात, म्हणून त्यांच्याकडे घड्याळासारखं बघा. ते सकाळी वर येतायत म्हणजे रात्रीसुद्धा गॅस चालू आहे, अशी माझी खात्री. पहाटे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो, झाडंही रात्री तो वापरतातच, त्यात सीओटूची भर.

बडोदेकरांशी मी सहमत, खळखळ राहू द्या. प्राणवायू आणि सीओटू पाण्यात एकमेकांची जागा घेत नाहीत. दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात. पण सीओटू फारच वाढला तर पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही.


लोकमान्यनगर इंदूर
१७ मे, रात्री ८.२०

उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी सांगते की १२ ते १४ तारखेपर्यंत गॅस नव्हताच, आणि त्या दोन दिवसांत डेनिसन खाली उतरले. पहिल्याच सकाळी. सहाही जण फिल्टरच्या प्रवाहात तोंड करून रांगेत, हिवाळ्यात असायचे तसे. मी कितीतरी वेळ पडदाही न उघडता बघत बसले.

रिकामा सिलेंडर ५.१३ किलो. खांद्यावर ठोकलंय ५.१२. भरून आणला तो ७.०९. म्हणजे १ किलो ९६० ग्रॅम गॅस. तो माणूस पूर्ण भरत होता. वजन मी त्याच्याच दुकानात, त्याच्यासमोर केलं आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला काही नाही मैडम, गर्मी में सबका दिमाग गरम रहता है. मला मात्र बरं वाटलं नाही. तीन खेपा मी त्याच्यावर संशय घेत होते.

१४ ला रात्री ९ वाजता रेग्युलेटर लावून, सगळं बंद करून ८.२१४. सकाळी ९ ला ८.१९४. बारा तासांत २० ग्रॅम! वाट कुठेच नाही आणि गॅस जातोय.

भांडी घासायच्या साबणाचा घट्ट फेस केला आणि रंगाच्या ब्रशनं सांध्या-सांध्यावर लावला. सोलेनॉइडला काही नाही. बबल काउंटरला काही नाही. सिलेंडर आणि रेग्युलेटरच्या मधल्या मोठ्या पितळी नटाला लावला, तिथेही आधी काही नाही. उठणार होते, तेवढ्यात नटाच्या खालच्या कडेला, भिंतीकडच्या बाजूला, मोहरीएवढा एक बुडबुडा आला. फुगला, वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि लगेच दुसरा. मी मोबाइलचा उजेड पाडून त्याच्याकडे बघत राहिले. आवाज अजिबात नाही. इतके दिवस कपाटात कान लावून ऐकत होते मी.

नट खोलला तर आतला पांढरा वायसर एका बाजूनं चपटा आणि चिरलेला. मुलानं रेग्युलेटर घेतला तेव्हापासूनचा तोच असणार. मार्चपासून दर वीस दिवसांनी रेग्युलेटर काढायचा, लावायचा, पान्यानं आवळायचा, दर वेळी तो आणखी दबत गेला. २२, १९, १७ असे दिवस का घटत गेले ते तेव्हा कळलं. सियागंजमधून तसाच नायलॉनचा वायसर आणला, दोन जास्तीचेही घेतले. तो बसवून चोवीस तास तीच परीक्षा घेतली. काटा हललाच नाही.

नळी सिलिकॉनचीच होती, सकाळी पाणीही चढायचं तिच्यात. बदलली.

आता प्रवाह. नीडल व्हॉल्व्ह मी पूर्वी ठेवला होता तेवढाच उघडून, उपड्या नळ्यात १०० मिलिलिटर भरायला ३ मिनिटं ८ सेकंद लागली.

आणि बडोदेकर दादा, तुमचे दोन प्रश्न. केएच मी मार्चपासून तपासलाच नव्हता. आज तपासला, १३ आला. मुलाच्या वहीत नोव्हेंबरचा लिहिलेला आहे ७. मी किट खराब झालं समजून पुन्हा केला, पुन्हा १३. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि मार्चपासून दाब कमी झाला म्हणून गच्चीवरच्या टाकीत बोरिंगचं पाणीही सोडतात. टँकला मी तेच नळाचं पाणी घालत आलेय. नुसत्या बोरिंगचा केएच तपासला, १६.

१९७८ साली नर्मदा इंदूरला आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढून पाणी येणार म्हणून सगळीकडे केवढा आनंद होता. आजी म्हणायची, बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नर्मदेच्या पाण्यात शिजते. ते घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. फक्त टँकच्या पाण्याला मी ते लावलं नाही.

ड्रॉप चेकरमध्ये टँकचंच पाणी आहे. बाटलीतलं तयार द्रावण मार्चमध्ये संपलं, म्हणून पाणी घालून रंगाचे तीन थेंब टाकले. चुकलं का?


बडोदेकर
१७ मे, रात्री १०.४५

ताई, सापडलं. सगळं सापडलं. तुम्ही फार चोख मोजलंय.

हिशोब असा. ३ मिनिटं ८ सेकंदांत १०० म्हणजे मिनिटाला ३२ मिलिलिटर. तुमचा कंट्रोलर कधी बंदच होत नव्हता, म्हणजे चोवीस तास. ४६ लिटर, वजनात साधारण ८२ ग्रॅम. वायसरमधून बारा तासांना २०, म्हणजे दिवसाला ४०. बेरीज १२२. तुमचे १ किलो ९६० ग्रॅम भागिले १२२, सोळा दिवस. तुमचा सिलेंडर सतरा दिवस गेला. एवढ्या साध्या साधनांनी याहून जवळ कोणी येत नाही.

म्हणजे एक तृतीयांश गॅस वायसरनं खाल्ला. दोन तृतीयांश त्या ६.८ आकड्यानं.

पीएच, केएच आणि सीओटू हे तिघं एकमेकांना बांधलेले आहेत. केएच ७ आणि पीएच ६.८ असेल तर पाण्यात सीओटू येतो ३३ पीपीएम, उत्तम. तुमचा हिवाळा तो. आता केएच १३ झाला. त्या पाण्यात ६.८ पर्यंत जायचं तर सीओटू लागतो ६२. तुमचा कंट्रोलर प्रामाणिकपणे त्या ६२ च्या मागे लागला होता. तो ६.९ ला अडकला, तिथे ४९ होतात. ४९ मध्ये डेनिसन वर येणारच. तुमच्या आजच्या पाण्यात ३० पीपीएमसाठी पीएच हवा ७.१. हिवाळ्यात बरोबर असलेला आकडा उन्हाळ्यात माशांच्या जिवावर उठला, कारण खालचं पाणीच बदललं.

आणि ड्रॉप चेकर. हो ताई, तिथे चुकलं, पण ही चूक इतके लोक करतात की मी प्रश्न मुद्दाम विचारला होता. त्यात केएच ४ चंच द्रावण लागतं. त्या द्रावणात ३० पीपीएमला पीएच ६.६ होतो आणि रंग पोपटी दिसतो. तुमच्या १३ च्या पाण्याला त्याच पोपटी रंगावर यायला शंभराच्या आसपास सीओटू लागला असता. म्हणून तो निळसर राहिला, आणि तुम्ही व्हॉल्व्ह उघडत गेलात. दोन्ही मोजमापं एकाच पाण्यामुळे एकाच दिशेनं खोटं बोलत होती. खरं बोलत होते ते तुमचे मासे.

द्रावण घरी होतं. खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, ६ ग्रॅम घ्या आणि ५ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. बॅटरीत घालतात ते पाणी चालेल, आरओचं नको, त्यात थोडे क्षार राहतात. हे झालं केएच ४०. यातलं एक माप आणि डिस्टिल्डची नऊ मापं मिळून केएच ४. थेट ४ चं करायला गेलात तर १० लिटरला १.२ ग्रॅम सोडा लागतो, तो तुमच्या काट्यावर नीट तोलता येणार नाही, म्हणून हा वळसा.

कंट्रोलर काढून ठेवा. मी तर म्हणेन परत लावूच नका, पण ते तुमच्यावर. साधा टायमर लावा, दिवे लागायच्या दीड तास आधी गॅस सुरू, दिवे मालवायच्या अर्धा तास आधी बंद. प्रवाह अर्ध्यावर आणा आणि ड्रॉप चेकरकडे बघून हळूहळू जुळवा. त्याचा रंग दीड-दोन तास मागे असतो, व्हॉल्व्ह फिरवून लगेच बघत बसू नका.

एक गोष्ट राहिली. सिलेंडर कोणत्या खोलीत आहे? झोपायच्या बंद खोलीत असेल तर हलवा. दहा बाय दहाच्या खोलीत दोन किलो गॅस एका झटक्यात सुटला तर हवेत तो चार टक्क्यांपर्यंत जातो, आणि ती पातळी माणसाच्या जिवाला धोक्याची आहे. स्कूटरवरून आणताना उभा धरता ते छान करता, वापरतानाही आडवा ठेवू नका, द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो.


नाशिकचं काचतळं
१८ मे, सकाळी ८.१०

काकू, मी नळीच्या पुढे गेलोच नव्हतो. माझ्याही सिलेंडरचं वजन आज पहिल्यांदा केलं. बडोदेकर काका, एक विचारायचं होतं, काकूंनी केएच १३ वरून ७ वर एकदम आणायचा का?


बडोदेकर
१८ मे, सकाळी ९.००

अजिबात नाही. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, बस. नर्मदेचा नळ येतो त्या दिवशी थेट नळाखाली वेगळा पिंप भरून ठेवायचा, क्लोरीन काढायचं औषध घालायचं आणि टँकला तेच पाणी. महिन्या-दीड महिन्यात केएच आपोआप उतरेल. आणि केएच १० वर थांबला तरी झाडांचं काही बिघडत नाही. केएच जास्त म्हणून सीओटू जास्त लागतो हा समज चुकीचा आहे, ३० पीपीएम म्हणजे ३० पीपीएम. फक्त पीएचचा आकडा वेगळा दिसतो.


लोकमान्यनगर इंदूर
२ जून, रात्री ९.१५

दादा, तुम्ही सांगितलेलं द्रावण केलं. १९ तारखेला मुद्दाम एकदा जुन्याच प्रवाहावर गॅस सोडला, दुपारी दीडपासून, आणि पूर्ण वेळ टँकसमोर बसून राहिले. ड्रॉप चेकरचं पाणी सहा वाजता पिकल्या लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं होतं. दोन महिने माझे मासे त्यात राहिले. मी लगेच चावी बंद केली.

आता प्रवाह मिनिटाला १६ मिलिलिटर, म्हणजे १०० भरायला सव्वासहा मिनिटं. दीड ते साडेनऊ टायमरवर. पाच वाजेपर्यंत पोपटी रंग येतो आणि तसाच राहतो. टँकचा पीएच त्या वेळी ७.१, तुम्ही म्हणालात तोच.

सिलेंडर हॉलमध्येच असतो, खिडकीखाली. काट्यावरून उतरवला नाही. फराळाला दुसरा काटा आणू, असं ह्यांनी स्वतःच सांगितलं. रोज सकाळी वजन वहीत लिहिते, मुलाच्या त्याच वहीत, त्याच्या नोव्हेंबरच्या पानाच्या पुढे. २३ मे ते २ जून, दहा दिवसांत १४६ ग्रॅम गेला. या वेगानं सिलेंडर चार-साडेचार महिने जायला हरकत नाही.

नर्मदेच्या पाण्याचा पिंप गॅलरीत ठेवलाय. दोनदा पाणी बदललं, केएच १०.

मॉन्टे कार्लोच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर जागा पिवळी पडली होती, तिथे टाचणीच्या डोक्याएवढी नवी पानं आलीत. काल संध्याकाळी त्यांच्यावर बारीक बुडबुडे बसले होते, प्राणवायूचे. मुलाला फोटो पाठवला.